निधीविना दिलेला शब्द : सार्वजनिक निवृत्तिवेतनाचे उद्याचे अर्थकारण

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



केंद्र शासनाने आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा नोव्हेंबर २०२५ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केली. शिफारशी करताना आयोगाने कोणत्या बाबी विचारात घ्याव्यात याची एक छोटी यादी तीत आहे. देशाची आर्थिक स्थिती, विकासकार्यासाठी लागणारी साधनसंपत्ती, राज्यांच्या तिजोरीवर होणारा परिणाम या नेहमीच्या बाबींबरोबर ‘अंशदानरहित निवृत्तिवेतन योजनांचा निधीविना असलेला खर्च’ अशा आशयाचे एक कलमही त्या यादीत आहे. निवृत्तिवेतनधारकांच्या संघटनांनी या कलमावर लगेच आक्षेप घेतला. आयुष्यभराच्या सेवेतून मिळालेल्या हक्काला ‘निधीविना खर्च’ म्हणणे त्यांना मान्य नव्हते.

या वादात दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत. निवृत्तिवेतन हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी सांगितले आहे. त्या हक्कासाठी पैसा बाजूला काढून ठेवलेला नाही, हेही तितकेच खरे आहे. हक्क मान्य करणे ही एक गोष्ट आणि त्याची तरतूद करणे ही दुसरी. सार्वजनिक निवृत्तिवेतनाचा भारतातील सारा प्रश्न या दोन गोष्टींमधील अंतराचा आहे.

कृपेपासून हक्कापर्यंत

१८७१ च्या निवृत्तिवेतन अधिनियमाने निवृत्तिवेतनाबाबतचे दावे दिवाणी न्यायालयात चालविण्यास मज्जाव केला होता. ब्रिटिश राजवटीच्या लेखी निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा होती आणि कृपेविरुद्ध दाद कोठे मागणार! स्वातंत्र्यानंतर हा दृष्टिकोन बदलत गेला. देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन हा कर्मचाऱ्याचा हक्क असल्याचे मान्य केले. १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने, ३१ मार्च १९७९ ही तारीख धरून निवृत्तांचे दोन वर्ग पाडणे समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविले. निवृत्तिवेतन ही बक्षिसी नसून पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे, हा विचार या निकालामुळे सर्वतोमुखी झाला. १७ डिसेंबर हा दिवस आजही निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो.

राज्यघटनेतील तरतुदी परीक्षेच्या दृष्टीने येथेच ध्यानात ठेवाव्यात. केंद्राचे निवृत्तिवेतन संघसूचीत (नोंद ७१), राज्यांचे राज्यसूचीत (नोंद ४२) आणि कामगारांचे भविष्य निर्वाह निधी व वार्धक्य निवृत्तिवेतन समवर्ती सूचीत (नोंद २४) आहे. अनुच्छेद ४१ वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य देण्याचे निदेशक तत्त्व सांगतो. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन राज्याच्या एकत्रित निधीवर, तर निवृत्तिवेतन भारताच्या एकत्रित निधीवर भारित असते, हा प्रश्नकर्त्यांचा आवडता मुद्दा आहे. मात्र त्यामागील तत्त्व क्वचितच विचारले जाते. ज्याचा निवाडा निर्भय असावा असे वाटते, त्याचे म्हातारपण त्या राज्याच्या मर्जीवर ठेवायचे नाही, हे ते तत्त्व होय.

खर्च का वाढत गेला?

जुन्या योजनेची रचना सोपी होती. शेवटच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, त्यावर महागाई वाढ, मृत्यूनंतर जोडीदारास कुटुंब निवृत्तिवेतन. कर्मचाऱ्याने त्यासाठी काही भरायचे नाही आणि शासनानेही आगाऊ काही साठवायचे नाही. सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधीतील वर्गणी ही कर्मचाऱ्याची स्वतःची बचत होती. तिचा निवृत्तिवेतनाशी संबंध नव्हता. निवृत्तिवेतन त्या त्या वर्षाच्या महसुलातून दिले जाई. आजच्या करदात्यांनी कालच्या कर्मचाऱ्यांना पोसायचे, अशी ही पद्धत होती.

कर भरणारे हात भराभर वाढत असतील आणि निवृत्तीनंतरचे आयुष्य थोडे असेल, तर ही पद्धत उत्तम चालते. परंतु साठाव्या वर्षी पोहोचलेल्या भारतीय व्यक्तीचे उर्वरित सरासरी आयुर्मान आता सुमारे १८ वर्षे आहे. नियमित उत्पन्न आणि वैद्यकीय सुविधा असलेल्या निवृत्त कर्मचाऱ्याचे याहून अधिक असणे स्वाभाविक आहे. निवृत्तीचे वय केंद्राने १९९८ मध्ये ५८ वरून ६० केले, एवढाच त्यावरचा उपाय झाला. शिवाय प्रत्येक वेतन आयोगाबरोबर जुन्या निवृत्तांचेही निवृत्तिवेतन सुधारले जाऊ लागले. निवृत्तिवेतन केवळ महागाईच्या मागे न राहता नव्या वेतनाच्याही मागे चालू लागले. न्यायाच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. पण या प्रत्येक सुधारणेचे देयक पुढील अनेक वर्षांच्या अर्थसंकल्पांवर फाटत होते आणि निर्णयाच्या दिवशी ते कोणत्याही खात्यात दिसत नव्हते.

घरमालकाने मुलाच्या नावे कर्ज काढावे, पण कर्जाची नोंद कोठेच करू नये, असा हा प्रकार होता.

२००४ चे वळण

१९९८ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने वार्धक्यातील उत्पन्न सुरक्षेचा अभ्यास एस. ए. दवे यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीकडे सोपविला. ‘ओअ‍ॅसिस’ या नावाने ओळखला जाणारा तिचा अहवाल २००० मध्ये आला. त्याचा रोख मुळात असंघटित क्षेत्राकडे होता, हे विसरले जाते. पुढे बी. के. भट्टाचार्य यांच्या उच्चस्तरीय गटाने शासकीय कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा विचार केला आणि २२ डिसेंबर २००३ च्या अधिसूचनेने नवी योजना जाहीर झाली. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या सेवेत येणाऱ्यांना, सशस्त्र दले वगळून, ती लागू झाली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून ‘परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना’ या नावाने तिचा स्वीकार केला. पश्चिम बंगाल मात्र जुन्याच पद्धतीवर राहिले.

नव्या योजनेत कर्मचारी वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम भरतो. शासनही तेवढीच भरत असे; केंद्राने आपला वाटा १ एप्रिल २०१९ पासून १४ टक्के केला. रक्कम बाजारात गुंतविली जाते. शासकीय कर्मचाऱ्यांसाठीच्या मूळ पर्यायात समभागांची मर्यादा १५ टक्के होती. साठाव्या वर्षी किमान ४० टक्के निधीतून वार्षिकी घ्यावी लागते, उरलेला एकरकमी मिळतो. जुन्या योजनेत लाभ निश्चित होता आणि खर्च अनिश्चित. नव्या योजनेत खर्च निश्चित झाला, लाभ अनिश्चित झाला. जोखीम नाहीशी झाली नाही, तिचे घर बदलले.

या स्थित्यंतराची एक किंमत फारशी चर्चिली गेली नाही. २००४ नंतर शासनाला जुन्या निवृत्तांचे निवृत्तिवेतनही द्यायचे होते आणि नव्या कर्मचाऱ्यांच्या खात्यात अंशदानही भरायचे होते. एका पिढीने दोन पिढ्यांचा भार एकदम उचलायचा, असा हा काळ आहे. २००३ पर्यंत नेमलेले शेवटचे कर्मचारी २०४० च्या आसपास निवृत्त होतील आणि त्यांचे निवृत्तिवेतन त्यानंतरही दोन दशके चालू राहील. सशस्त्र दलांचे निवृत्तिवेतन तर पूर्वीप्रमाणेच अर्थसंकल्पातून दिले जाते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठीची तरतूद सुमारे १ लाख ६१ हजार कोटी रुपये होती.

अर्ध्या वेतनाचे गणित

‘शेवटच्या वेतनाच्या निम्मे’ या तीन शब्दांची खरी किंमत किती, हे कागद-पेन्सिलीने काढता येते. त्यासाठी विमागणितज्ज्ञ असण्याची गरज नाही.

समजा, एका कर्मचाऱ्याने ३० वर्षे सेवा केली आणि दरवर्षी वेतनाच्या २० टक्के रक्कम, म्हणजे त्याचे १० व शासनाचे १०, निधीत जमा झाली. समजा, गुंतवणुकीवरील परतावा आणि त्याच्या वेतनाची वाढ दोन्ही सारख्याच वेगाने झाली. तर प्रत्येक वर्षाची जमा रक्कम वाढत वाढत निवृत्तीच्या वेळी शेवटच्या वेतनाच्या २० टक्क्यांइतकी होते. तीस वर्षांची बेरीज सहा वर्षांच्या वेतनाएवढी. आता त्याला २० वर्षे, महागाईनुसार वाढणारे, अर्धे वेतन द्यायचे आहे आणि या काळात निधी महागाईएवढेच उत्पन्न मिळवितो. म्हणजे दहा वर्षांचे वेतन लागणार. निधीत सहा, गरज दहा. चार वर्षांच्या वेतनाची तूट.

हेच गणित परतावा दोन टक्क्यांनी अधिक धरून करावे. सेवाकाळात परताव्याचा दर वेतनवाढीपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त आणि निवृत्तीनंतर महागाईपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त. तर निधी ८.१ वर्षांच्या वेतनाएवढा होतो आणि गरज ८.२ वर्षांवर येते. जवळजवळ जुळते! दोन टक्क्यांच्या आघाडीने चार वर्षांची तूट भरून काढली.

जुनी योजना की नवी, या वादाचा गाभा त्या दोन टक्क्यांत आहे. ते मिळतील अशी खात्री कोणीच देऊ शकत नाही. शासकीय सेवेत वार्षिक वेतनवाढ, पदोन्नती, महागाई भत्ता आणि वेतन आयोग मिळून वेतन बऱ्याच वेगाने वाढते. त्याच्याही पुढे दोन टक्के राहणे सावध गुंतवणुकीला सोपे नाही. मग ते न मिळाल्यास तूट कोणी सोसावी? जुन्या योजनेचे उत्तर होते, करदात्याने. नव्या योजनेचे उत्तर होते, कर्मचाऱ्याने. दोन्ही उत्तरांत एकाच पक्षावर सारा भार टाकला होता.

परतीची वाट

२०२२ पासून राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश या राज्यांनी जुन्या योजनेकडे परतण्याचे निर्णय घेतले. महाराष्ट्रातही मार्च २०२३ मध्ये शासकीय व निमशासकीय कर्मचाऱ्यांनी याच मागणीसाठी आठवडाभर संप केला. कर्मचाऱ्यांची अस्वस्थता खोटी नव्हती. २००५ नंतर उशिरा सेवेत आलेले आणि थोड्या वर्षांतच निवृत्त झालेले कर्मचारी हाती पडणाऱ्या वार्षिकीची रक्कम पाहून हादरले होते. दहा-बारा वर्षांच्या जमेतून तीस वर्षांच्या सेवेचे निवृत्तिवेतन निघणार नव्हते, हे गणित खरे. पण ज्याच्या घरी ती रक्कम पोहोचली त्याला गणिताने समाधान मिळत नाही.

मात्र परतीच्या निर्णयातील एक विचित्र गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये. जुन्या योजनेकडे परतणाऱ्या राज्याचा खर्च प्रथम कमी होतो! नव्या योजनेत भरावयाचे अंशदान बंद होते आणि त्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन मुख्यतः २०३४ नंतर सुरू व्हायचे असते. निर्णयाचे श्रेय आणि वाचलेला पैसा आजच्या शासनाला मिळतो, देयक मात्र दोन-तीन निवडणुकांनंतर येणाऱ्या शासनाला. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या मासिक पत्रिकेतील एका अभ्यासाने, सर्व राज्ये परतल्यास जुन्या योजनेचा भार नव्या योजनेच्या अंदाजित भाराच्या साडेचार पट होईल आणि २०६० पर्यंत अतिरिक्त बोजा दरवर्षी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.९ टक्क्यांवर जाईल, असा अंदाज मांडला होता.

या राज्यांपैकी काहींनी आधी भरलेली अंशदाने परत मागितली. कायद्यात तशी तरतूद नाही, असे केंद्राने संसदेत सांगितले. जमा झालेला निधी कर्मचाऱ्याच्या नावे असतो आणि कोणत्याही शासनाला गरजेच्या वर्षी त्यात हात घालता येत नाही. निधी उभारण्याचे खरे महत्त्व या प्रसंगाने जितके स्पष्ट केले, तितके कोणत्याही अहवालाने केले नसेल.

तिसरी वाट

एप्रिल २०२३ मध्ये टी. व्ही. सोमनाथन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या विचारमंथनातून आलेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेला २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती अमलात आली. २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, किमान १० वर्षांच्या सेवेनंतर दरमहा निदान १०,००० रुपये, निवृत्तिवेतनाच्या ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन आणि महागाईनुसार वाढ, अशी तिची वैशिष्ट्ये आहेत. लाभ जुन्या योजनेसारखा निश्चित आहे. तरीही कर्मचारी १० टक्के भरतो आणि शासन १८.५ टक्के. शासनाच्या वाट्यातील १० टक्के कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक निधीत जातात आणि ८.५ टक्के सामायिक निधीत.

मघाचे गणित येथे पुन्हा लावता येते. एकूण २८.५ टक्के जमा, ३० वर्षे, परतावा वेतनवाढीएवढाच, तर साडेआठ वर्षांचे वेतन जमते, गरज दहाची. परतावा एक टक्क्याने पुढे राहिल्यास जमा ९.९ आणि गरज ९.० होते. उरलेल्या फरकात कुटुंब निवृत्तिवेतन आणि निवृत्तीच्या वेळची एकरकमी रक्कम बसवायची आहे. म्हणजे ही योजना निधीवर उभी आहे, पण फार सैल उभी नाही. म्हणूनच शासनाच्या वाट्याचा वेळोवेळी विमागणिती आढावा घेणे हा या योजनेचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग आहे. आढाव्यात ८.५ टक्के अपुरे ठरले, तर वाटा त्याच वर्षी वाढवावा लागेल आणि तो अर्थसंकल्पात सर्वांना दिसेल. जुन्या योजनेत नेमके हेच घडत नव्हते.

योजनेला आरंभीचा प्रतिसाद माफकच होता; पर्याय निवडण्याची जून २०२५ ची मुदत पुढे वाढवून नोव्हेंबर अखेरपर्यंत न्यावी लागली. एकरकमी मिळणाऱ्या मोठ्या निधीचे आकर्षण आणि तरुण कर्मचाऱ्यांचा बाजारावरील विश्वास, ही त्याची संभाव्य कारणे असू शकतील.

कुंपणाबाहेरचे वार्धक्य

आतापर्यंतचे विवेचन ज्यांच्याविषयी होते, तो कामकरी भारताचा लहानसा भाग आहे. एकीकृत योजनेच्या कक्षेत येणारे केंद्रीय कर्मचारी सुमारे २३ लाख आहेत. राज्यांनी ती स्वीकारल्यास ही संख्या ९० लाखांपर्यंत जाईल, असे योजना जाहीर करताना सांगण्यात आले होते. साठ वर्षांवरील भारतीयांची संख्या मात्र २०११ च्या जनगणनेतच दहा कोटींच्या पुढे होती.

खाजगी संघटित क्षेत्रासाठी १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आहे. मालकाच्या अंशदानातील ८.३३ टक्के आणि केंद्राचे १.१६ टक्के यांवर ती चालते. वेतनमर्यादा सप्टेंबर २०१४ मध्ये १५,००० रुपये झाली. या मर्यादेवर ३५ वर्षे सेवा केलेल्या कामगारास सूत्राप्रमाणे दरमहा ७,५०० रुपये मिळतात. किमान निवृत्तिवेतन त्याच वेळी १,००० रुपये ठरले. गिरणीत, कारखान्यात हयात घालविलेल्या माणसाला महागाईनुसार वाढ नाही, हे या योजनेचे उणेपण. निधी आहे, पण शब्दच तोकडा दिलेला आहे.

असंघटित क्षेत्रासाठी २०१५ ची अटल पेन्शन योजना आहे. अठराव्या वर्षी दरमहा २१० रुपये भरू लागणाऱ्यास साठीनंतर ५,००० रुपये मिळण्याची हमी आहे. जुलै २०२५ पर्यंत तिच्यातील एकूण नोंदणी आठ कोटींवर गेली, ही मोठीच गोष्ट होय. तथापि ही रक्कम महागाईशी जोडलेली नाही. रिझर्व्ह बँकेचे चलनवाढीचे चार टक्क्यांचे लक्ष्य दरवर्षी तंतोतंत साधले गेले असे धरले, तरी ४२ वर्षांनंतरच्या पाच हजारांची किंमत आजच्या हजार रुपयांहूनही थोडी कमी भरते. बहुसंख्य सभासदांनी तर हजार रुपयांचाच पर्याय निवडला आहे.

आणि ज्यांना काहीच भरता आले नाही, त्या दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना आहे. १९९५ मध्ये केंद्राचे साहाय्य दरमहा ७५ रुपये होते. २००६ च्या सुमारास ते २०० रुपये झाले. ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठी ते तेथेच थांबले आहे. राज्ये त्यात आपली भर घालतात. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेसह मिळणारी रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये करण्यात आली. शासकीय निवृत्तांची महागाई वाढ वर्षातून दोनदा सुधारली जाते आणि निराधार वृद्धाचे केंद्रीय साहाय्य दोन दशके सुधारले जात नाही. यामागे दुष्टावा नाही. संघटित होऊन मागणाऱ्याचा आवाज पोहोचतो, एवढेच. पण निवृत्तिवेतनाच्या ‘परवडण्या’ची चर्चा करताना हे दोन आकडे शेजारी मांडलेच पाहिजेत.

वय राज्याराज्यांचे

उद्याचा भार सर्व राज्यांवर सारखा येणार नाही. २०२१ च्या अंदाजानुसार केरळच्या लोकसंख्येत साठीवरील व्यक्तींचे प्रमाण १६.५ टक्के होते, तर बिहारमध्ये ७.७ टक्के. केरळमध्ये निवृत्त वाढत आहेत आणि कर भरण्याच्या वयाचे हात बाहेरून येत आहेत. बिहारचा तरुण केरळात, महाराष्ट्रात, गुजरातेत कष्ट करतो; त्याच्या खर्चातून वसूल होणारा वस्तू व सेवा कर तो जेथे राहतो त्या राज्याला मिळतो. साठीनंतर तो गावी परततो, तेव्हा त्याच्या वार्धक्याचा भार बिहारच्या तिजोरीवर पडतो. वित्त आयोगाच्या सूत्रांत लोकसंख्येच्या वयाची ही फिरस्ती कशी मोजायची, हा पुढील काळातील वित्तीय संघराज्याचा कळीचा प्रश्न ठरेल. मुख्य परीक्षेत तो विचारला गेल्यास आश्चर्य वाटू नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशाचा एकूण जननदर २.० वर आला आहे. तरुण लोकसंख्येचा जो लाभांश म्हणून गौरव होतो, तो याच सभागृहातील पिढीबरोबर वृद्ध होणार आहे. २०२६ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी केंद्रीय सेवेत रुजू होणारा उमेदवार २०६१ मध्ये निवृत्त होईल. सरासरी आयुर्मानाप्रमाणे त्याचे निवृत्तिवेतन २०८० च्या आसपासपर्यंत आणि त्याच्या जोडीदाराचे कुटुंब निवृत्तिवेतन कदाचित त्याहूनही पुढे चालेल. त्या वर्षीचा अर्थसंकल्प मांडणारा अर्थमंत्री अद्याप जन्मलेला नसण्याचीच शक्यता अधिक. मात्र त्याच्यासाठी दरमहा ८.५ टक्के सामायिक निधीत पडत आहेत की नाहीत आणि आढाव्यात ते पुरेसे ठरले की नाहीत, हे पाहण्याचे काम आजच्या वेतनपत्रकापासूनच सुरू होते. ती वेतनपत्रके तपासणाऱ्या खुर्च्यांवर येत्या काही वर्षांत याच सभागृहातील काही जण बसलेले असतील.